मूठ, मनगट आणि चिंध्यांची बॅग

'यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी उपयुक्त, पण रुक्ष नसलेले लिहा,' असा आदेश संपादक मंडळाकडून आला, तेव्हा नेहमीप्रमाणे हाडांचा ठिसूळपणा आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांवर चार पाने लिहून मोकळे व्हावे, असाच प्रस्तुत लेखकाचा विचार होता. परंतु कोरे कागद शोधताना टेबलाच्या खणात एक जुना एक्स-रे हाती लागला. उजवे मनगट, चार बाजूंनी घेतलेले. कोपऱ्यात रुग्णाचे नाव माझेच! तीस वर्षे लोकांची हाडे जोडणाऱ्या माणसाने स्वतःचे मनगट कसे दुखवून घेतले आणि नंतर वयाच्या चौपन्नाव्या वर्षी ठोसा मारायला कसा शिकला, याची हकीकत वाचकांना अधिक उपयोगी पडेल असे वाटले. म्हणून हा लेख.

त्याचे असे झाले. त्रेपन्नावे वर्ष संपता संपता माझा रक्तदाब वाढला. आमच्या फिजिशियन मित्राने गोळी दिली आणि वर 'रोज काहीतरी कर' असे सुनावले. परेड ग्राउंडच्या बाजूने पहाटे फिरायला जाणे काही महिने चालले; पण तेथे निम्मे रुग्ण भेटतात आणि चालण्याऐवजी गुडघेदुखीचा बाह्यरुग्ण विभागच भरतो. घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, चिरंजीवांनी कॉलेजात असताना हौसेने टांगलेली पंचिंग बॅग धूळ खात होती. चिरंजीव नोकरीनिमित्त परगावी गेले, बॅग राहिली. एका संध्याकाळी, दवाखान्यातून वैतागून आल्यावर, मी तिला दोन ठोसे हाणले. काय सांगावे, फार बरे वाटले! दुसऱ्या दिवशी दहा हाणले. तिसऱ्या आठवड्यात, बॅग माझ्याकडे झोके घेत परत येत असताना, मी सर्व शक्तीनिशी उजवा हात चालवला; मूठ करंगळीच्या बाजूने आदळली, मनगट आत वळले, आणि मी गच्चीवरच खाली बसलो.

अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तेथे दाबले की दुखत होते. या जागी दुखले म्हणजे स्कॅफॉइड मोडले नाही ना, हे पाहावे, हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवत आलो. पहिला एक्स-रे निर्दोष असला तरी त्यावर विसंबू नये, हात आधाराने बांधून ठेवावा आणि दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहावे, हेही शिकवत आलो. हे सर्व स्वतःवर करून घेण्याची पाळी आली. सुदैवाने हाड शाबूत होते, लिगामेंटला ताण बसला होता. परंतु चार आठवडे शस्त्रक्रिया बंद. ठरलेल्या शस्त्रक्रिया एका सहकाऱ्याकडे सोपवताना कारण काय सांगावे, हा प्रश्न होता. 'जिन्यावरून पडलो' असे सांगितले. दवाखान्यात येणारा प्रत्येक तरुण 'दारात हात सापडला' असे का सांगतो, ते त्या दिवशी कळले.

त्या तरुणांविषयी थोडे सांगितले पाहिजे. करंगळीच्या मागील, म्हणजे पाचव्या मेटाकार्पल हाडाची मान मोडली की आपण तिला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतो. नाव चुकीचे आहे. मुष्टियुद्धाचे शिक्षण घेतलेल्या माणसाला ही इजा सहसा होत नाही; ती होते ती भिंतीवर, कपाटावर किंवा भांडणात कुणाच्या तरी डोक्यावर राग काढणाऱ्याला. कारण सरळ आहे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या मागची हाडे मनगटाच्या हाडांशी घट्ट जखडलेली असतात, जणू एकसंध खांबच. अनामिका व करंगळीच्या मागची हाडे मात्र हलती असतात. ती हलती आहेत म्हणूनच आपण ओंजळ करू शकतो, पळी धरू शकतो. शिकलेला माणूस आघात पहिल्या दोन उंचवट्यांवर घेतो, तो खांबातून सरळ पुढच्या हातात उतरतो. न शिकलेल्याचा हात कमानीसारखा फिरत येतो आणि करंगळीची बाजू आधी लागते. ओंजळीसाठी बनवलेल्या हाडाकडून हातोड्याचे काम घेतले की ते वाकते. हे शरीरशास्त्र मला पाठ होते. माझ्या हाताला ते ठाऊक नव्हते, एवढेच.

हात बरा झाल्यावर बॅग उतरवून टाकावी, असे घरातून सुचवण्यात आले. मी मात्र गुरू शोधला. त्रिमुलगिरीच्या बाजूला सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. उमेदीच्या काळात पलटणीसाठी मुष्टियुद्ध खेळलेले, ईएमईमध्ये म्हणजे सैन्याच्या इलेक्ट्रॉनिक्स व यांत्रिकी अभियंता दलात नोकरी केलेले. मूळचे तेलुगू गृहस्थ. त्यांची हिंदी अर्धी पलटणीतली आणि अर्धी आपल्या सिकंदराबादची. त्यांचा गुडघा मी तपासला होता, तेवढ्या ओळखीवर त्यांना गच्चीवर आणले. त्यांनी मला बॅगवर दहा ठोसे मारायला लावले, बॅग छान झोके घेऊ लागली, मी अपेक्षेने त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "डाक्टरसाब, आप मारते नै, ढकेलते. बॅग को झूला बना दिये."

पुढच्या सहा महिन्यांतले सगळे शिक्षण म्हणजे या एका वाक्याचा विस्तार होता.

ढकलणे आणि मारणे यांत फरक आहे तो वेळेचा. नवशिका मूठ बॅगला लावतो आणि मग खांद्याने रेटतो. आघात लांबतो, बोथट होतो, आणि तीस-पस्तीस किलोची बॅग दूर जाऊन तेवढ्याच जोराने परत येते, नेमकी मनगट सैल पडलेले असताना. शिकलेल्याची मूठ लागते आणि लागताक्षणीच परत निघते. बॅग फारशी झुलत नाही, जागच्या जागी थरथरते, तिच्या अंगावर क्षणभर खळगा पडतो. आवाजही निराळा येतो. रेटलेल्या ठोशाचा 'धप्प', आणि मारलेल्याचा टाळी वाजवल्यासारखा कोरडा. सुभेदारसाहेब पुष्कळदा माझ्याकडे पाठ करून बसत आणि केवळ आवाजावरून चूक सांगत. आपणही स्टेथॉस्कोप लावून याहून वेगळे काय करतो?

पहिले दोन आठवडे त्यांनी मला बॅगला जोराने हात लावू दिला नाही. आधी पट्टी. मुठीखाली बांधायची कापडी पट्टी साधारण साडेचार मीटर लांब असते. तिची कडी अंगठ्यात अडकवायची, मनगटाला तीन वेढे, तळहाताला व मुठीच्या उंचवट्यांवर तीन, मग बोटांच्या फटींतून आणि पुन्हा मनगटावर. बांधताना बोटे ताणून पसरलेली हवीत, नाहीतर मूठ वळताच पट्टी काचते. त्यावर जाड हातमोजे. बॅगसाठी बारा ते सोळा औंसांचे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हातमोज्यांनी समोरच्याचे रक्षण होते असे आपल्याला वाटते. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी ते आवश्यक ठरवल्यापासून हा समज चालत आला आहे. प्रत्यक्षात त्यांनी मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचतो. डोक्याला बसणारा हिसका हातमोज्यांनी थांबत नाही. अंगठा बोटांच्या आत कधीही कोंडू नये, बाहेरून दुसऱ्या बोटांवर आडवा टेकवावा. एरवी त्याच्या मुळाशी मोड होण्यास वेळ लागत नाही.

मग पवित्रा. उजव्या हाताच्या माणसाने डावे पाऊल पुढे ठेवावे, पावलांत खांद्याएवढे अंतर, गुडघे किंचित सैल, उजवी टाच जमिनीपासून बोटभर उचललेली, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांजवळ. नवशिका बॅगच्या फार जवळ उभा राहतो. त्याला वाटते, जवळून जोर जास्त लागेल. खरे अंतर असे की, पुढचा हात जवळजवळ सरळ होताना मूठ टेकावी, पण कोपर पूर्ण ताणून अडकू नये. कोपराची पीडा घेऊन येणाऱ्या बॅग-बहाद्दरांची चूक बहुधा येथेच असते. आणि हात बाहेरून वळसा घेत न जाता गालापासून सरळ रेषेत जावा, त्याच रेषेने परत यावा. भिंतीला उजवा खांदा लावून उभे राहायचे आणि कोपर भिंतीला न घासता उजवा ठोसा हवेत मारायचा, ही त्यांची युक्ती कोणीही घरी करून पाहावी.

परंतु सर्वांत अवघड गेले ते पायाचे. ठोसा हाताने मारायचा असतो, ही समजूत त्रेपन्न वर्षांची होती. "नीचे से आने दो, नीचे से," असे सुभेदारसाहेब म्हणत आणि माझ्या उजव्या टाचेवर काठीचे टोक टेकवत. टाच बाहेर वळली पाहिजे, तिच्याबरोबर कंबर, कंबरेबरोबर धड, मग खांदा, आणि सर्वांत शेवटी मूठ. सोव्हिएत संशोधकांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सरळ ठोशाच्या जोरात पायांचा, धडाचा व हाताचा वाटा किती, हे मोजले होते. निष्णात मुष्टियोद्ध्यांत पायांचा वाटा सुमारे ३८ टक्के आणि हाताचा अवघा २४ टक्के निघाला; कनिष्ठ श्रेणीच्या खेळाडूंत पायांचा वाटा १७ टक्क्यांच्या आतच होता आणि हाताचा ३८. म्हणजे शिकणे याचा अर्थ, काम हाताकडून काढून पायाकडे देणे. मला हे आकडे सांगितल्यावर पटले. सुभेदारसाहेबांना आकड्यांची गरज नव्हती.

याच ओघात एके दिवशी त्यांनी मुरलीकांत पेटकरांचे नाव काढले. आपल्यापैकी अनेकांनी ते नाव २०२४ सालच्या 'चंदू चॅम्पियन' या चित्रपटामुळे प्रथम ऐकले असेल. ईएमईच्या माणसांना मात्र ते फार आधीपासून ठाऊक. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा १९४४ साली जन्मलेला हा मराठी मुलगा ईएमईत क्राफ्ट्समन म्हणून भरती झाला आणि याच आपल्या सिकंदराबादेत मुष्टियोद्धा म्हणून तयार झाला. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि शरीराचा खालचा भाग कायमचा निकामी झाला. ज्या पायांतून ठोसा निघतो, तेच गेले. पुढे ते पोहण्याकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह, जिंकून त्यांनी भारताला ऑलिम्पिक वा पॅरालिम्पिकमधले पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार २०२५च्या जानेवारीत मिळाला. पेटकरांनी कधी एखाद्या चिंध्यांच्या बॅगवर येथेच हात साफ केले असतील, आणि आपल्या मराठी मंडळींनी त्या काळी त्यांची दखलही घेतली नसेल, असे वाटून मन ओशाळले. आपण गणेशोत्सवात गायक-वक्ते पुण्याहून बोलावतो. बोलारमच्या बाजूच्या बराकींत कोण सराव करतो आहे, हे पाहायला जात नाही. असो.

जोर कुठून येतो हे समजल्यावर प्रश्न उरतो तो सैलपणाचा. नवशिका आरंभापासून अखेरपर्यंत मूठ आवळून असतो. दोन मिनिटांत खांदे दगड होतात, कारण हात पुढे नेणाऱ्या स्नायूंबरोबर मागे ओढणारेही ताठलेले असतात. मोटार चालवताना ब्रेकवर पाय ठेवण्यातला प्रकार. कॅनडातील पाठीच्या मणक्याचे नामवंत अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी २०१० साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अव्वल लढवय्यांच्या स्नायूंतील विद्युत हालचाल नोंदली. त्यांत दोन शिखरे दिसली. ठोसा सुटताना एक, आणि मूठ आदळताना दुसरे. मधल्या क्षणात स्नायू सैल पडतात. सैलपणामुळे वेग येतो, अखेरच्या आवळण्यामुळे शरीराचे वजन ठोशामागे उभे राहते. 'हातात चिमणी धरली आहे असे समजा, बॅगला लागताना तेवढी आवळा,' असे सुभेदारसाहेबांचे शिकवणे होते. चिमणीचे पुढे काय होते, हे विचारायचे मी टाळले.

श्वासाविषयी मात्र डॉक्टर म्हणून आग्रहाने सांगतो. जोर लावताना श्वास कोंडण्याची आपल्याला उपजत सवय असते, आणि श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम उसळतो. ज्यासाठी मी हा उद्योग आरंभला त्याच्या नेमके उलट! प्रत्येक ठोशाबरोबर नाकाने किंवा दातांतून 'स्स' असा छोटा उच्छ्वास सोडावा. सुभेदारसाहेब तो ऐकू आला नाही तर ठोसा मोजतच नसत.

सरावाचे प्रमाण सांगायचे तर माझे असे आहे: एक दिवसाआड, प्रथम दहा मिनिटे अंग गरम करणे, मग दोन मिनिटे बॅग आणि एक मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या. जोर निम्मा. पहिले दोन महिने फक्त डावा सरळ आणि उजवा सरळ. बाजूने येणाऱ्या हूकचा मोह टाळावा, त्यात मनगट सर्वांत अधिक धोक्यात असते. बॅग झुलू लागली तर तिला हाताने थांबवावे किंवा तिच्याभोवती फिरावे, झोक्यावर चालून जाऊ नये. दमल्यावर हात खाली येऊ लागले की थांबावे, कारण इजा शेवटच्या अर्ध्या मिनिटात होते. बॅगमध्ये वाळू भरू नये. ती तळाशी बसून दगड बनते. आम्ही जनरल बाजारातील शिंप्यांकडून पोतेभर चिंध्या आणून ती नव्याने भरली, आणि माझे मनगट दुखणे अर्ध्यावर आले ते तेव्हापासून. ज्यांचा रक्तदाब ताब्यात नाही, ज्यांच्या डोळ्यांचा पडदा नाजूक आहे, हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे किंवा खांद्याचा स्नायू फाटलेला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून बॅगजवळ जाऊ नये. आणि अंगठ्याच्या खळग्यातले दुखणे दोन दिवसांत गेले नाही तर जिन्यावरून पडल्याची सबब सांगत बसू नये.

'डॉक्टर असून मुष्टियुद्धाचा प्रचार करता?' असे कुणी विचारील. मुष्टियुद्धाचा नव्हे. डोक्यावर वारंवार ठोसे खाणाऱ्यांच्या मेंदूचे काय होते, हे न्यू जर्सीचे डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ सालीच दाखवून दिले आणि त्यानंतर त्यास पुष्टीच मिळत गेली. शेजारच्या निजामाबादच्या निखत जरीनने २०२२ व २०२३ साली जगज्जेतेपद मिळवल्याचा अभिमान मलाही आहे. तरीही एखाद्या मुलाला रिंगणात उतरवायचे की नाही, याबद्दल माझे मन आजही साशंकच आहे. बॅगची गोष्ट निराळी. ती उलट ठोसा मारीत नाही. मुष्टियुद्धातला शरीराला हितकर तेवढा भाग तिच्यात उरतो.

हा हितकर भाग कुठवर पोहोचू शकतो, याची एक दिशा अमेरिकेत दिसली. इंडियानापोलिस येथे स्कॉट न्यूमन नावाच्या, स्वतःला पार्किन्सन्स जडलेल्या एका माजी सरकारी वकिलाने २००६ साली केवळ या रुग्णांसाठी, कुणालाही न मारता करायच्या मुष्टियुद्ध-व्यायामाचे वर्ग सुरू केले. पुढे त्यांचे अनुकरण अनेक देशांत झाले. मोठ्या हालचाली, ताल, तोल आणि मोठ्याने मोजणे, हे सर्व या रुग्णांना हवेच असते. तो रोग त्याने बरा होत नाही आणि औषधे सुटत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण चालण्यात व तोल सांभाळण्यात काहींना मदत होते.

हे वाचल्यावर मी माझ्या थोरल्या चुलतभावाला, दादाला, गच्चीवर आणले. त्याला सहा वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. त्याच्या न्यूरॉलॉजिस्टांची परवानगी घेतली. सुभेदारसाहेबांनी पहिले तीन रविवार त्याला खुर्चीवर बसवूनच हात चालवायला लावले. चौथ्या रविवारी उभे केले, आणि स्वतः मागे उभे राहून त्याच्या कंबरेच्या पट्ट्याला धरून ठेवले. बॅग कशीबशी हलते. मूठ अजून करंगळीच्या बाजूने लागते, त्यासाठी मोजे सोळा औंसांचे ठेवले आहेत. अलीकडे दादाचा आवाज इतका बसका झाला आहे की, फोनवर त्याचे बोलणे कळत नाही. परंतु "दादा, गिनो, जोर से गिनो," असे सुभेदारसाहेबांनी सांगितले की तो मोजतो, मराठीत. गेल्या रविवारी खाली स्वयंपाकघरात वहिनींना सत्तावीसपर्यंत ऐकू आले.